अर्धं आळं

तिसरी बादली आळ्यात ओतून वहिनींनी कंबर सरळ केली, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. चौथी बादली नळाखाली भरत होती. नळ बंद करून, ओले हात अंगावरच पुसत त्या फाटकाकडे गेल्या.

झाडांचा डॉक्टर आला होता. खरं तर तो डॉक्टर वगैरे काही नव्हता. सार्वजनिक बागांच्या खात्यात वीस वर्षं काढून बाहेर पडलेला माळी होता. पण वस्तीतली घरं जुनी झाली तशी घरांबरोबर लावलेली झाडंही म्हातारी झाली, आणि त्यांच्या दुखण्यांना कुणीतरी हवंच होतं. माणसांच्या डॉक्टरांनी घरी येणं कधीच सोडलं होतं. हा मात्र बोलावलं की येत असे, तेही सांगितलेल्या वेळेला.

“चला वहिनी, पेशंट दाखवा,” तो म्हणाला.

वहिनी त्यांना सगळेच म्हणत. दूधवाला, टपालवाला, समोरच्या घरातली भाडेकरू मुलगी, औषधांच्या दुकानातला माणूस. ज्याच्या त्या खरोखरच्या वहिनी होत्या, तो एकटाच चौदा वर्षांत त्यांना काही म्हणाला नव्हता. तो भिंतीपलीकडे राहत होता.

पेशंट त्याच भिंतीत उभा होता. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा ही तुती लावली होती. ते गेल्यावर जागेचे दोन भाग झाले, गवंड्यानं दोरी ताणली, आणि दोरी नेमकी तुतीच्या पोटातून गेली. धाकटा म्हणाला, झाड तोडा. थोरला, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले, भिंत थांबवा. शेवटी भिंत दोन्ही अंगांनी खोडाच्या वीतभर अलीकडे येऊन थांबली, मधल्या फटी पत्र्यानं बुजवल्या, आणि खोडच भिंतीचा एक भाग झालं. आळंही अर्धं इकडे, अर्धं तिकडे. “तुला भावापेक्षा झाड प्यारं,” धाकटा म्हणाला होता. “झाड निदान उलटून बोलत नाही,” थोरल्यानं ऐकवलं होतं. रागात बोललेलं वाक्य माणूस विसरतो म्हणतात. या दोघांनी ते जमिनीच्या कागदासारखं जपून ठेवलं. तीन वर्षांपूर्वी थोरले गेले, तेव्हाही अबोला तसाच होता.

गेल्या वर्षापासून तुतीची पानं भलत्याच दिवसांत पिवळी पडायला लागली. शेंड्याकडच्या दोन फांद्या उघड्या पडल्या. मुलीला फोनवर चुकून सांगितलं गेलं, आणि दर रविवारी तोच विषय सुरू झाला.

“आई, ते घरावर पडेल एक दिवस. काढून टाक.”

“बघू.”

“बघू नाही. कुणा जाणकाराला बोलाव आणि तो म्हणेल तसं कर.”

वहिनींनी दोन महिने चालढकल केली आणि मग बोलावलं. तो ‘काढा’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला उठायचं कशासाठी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मुलीला तो सांगण्यासारखा नव्हता. तिनं लगेच कसला तरी योगाचा वर्ग वगैरे सुचवला असता.

डॉक्टरनं लाकडी हातोडीनं खोडावर ठिकठिकाणी ठोकून कान लावला. मग गुडघ्यांवर बसून खुरप्यानं खोडाभोवतीची माती उकरायला लागला. वहिनी दरवर्षी तिथे नवीन मातीची भर घालत असत, त्यामुळे खोड चांगलं हातभर मातीत होतं. आतली साल काळी पडली होती. त्यानं बोट लावलं तशी ती सुटून आली. मग त्यानं पिशवीतून एक बारीक लांब सळई काढली आणि आळ्यात खुपसली. सळई लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. बाहेर काढून त्यानं तिचं टोक हुंगलं आणि वहिनींपुढे धरलं. आंबूस वास होता.

“पाणी किती घालता?”

“रोज चार बादल्या. पानं पिवळी पडायला लागल्यापासून पाच. एवढ्या उन्हाची तहान लागणारच ना त्याला.”

“तहान लागली की पानं पिवळी पडतात आणि बुडालं तरीही पिवळीच पडतात. दिसायला दोन्ही सारखंच.” त्यानं सळई पुसली. “तुमचं झाड बुडतंय, वहिनी. मुळं कुजतायत.”

 वहिनींनी नळाखालच्या भरलेल्या बादलीकडे पाहिलं आणि तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, जणू ती त्याला दिसता कामा नये.

“पण ही माती पाच बादल्यांची नाही,” तो भिंतीच्या पायाकडे वाकून बघत म्हणाला. “ओल त्या अंगानं जास्त आहे. आणखी कोण घालतं?”

“या घरात मी एकटीच.”

“आणि त्या घरात?”

“त्या घरात?” वहिनींना हसू आलं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. “त्यांनी तर हे तोडायला सांगितलं होतं. ते घालतील का पाणी?”

“मला तिकडूनही बघावं लागेल. येता?”

“तुम्हीच जा.”

तो गेला. वहिनी पत्र्याशी उभ्या राहिल्या. पलीकडे दार उघडलं, दोन पुरुषांचे आवाज आले, चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. पाव तासानं डॉक्टर परतला तेव्हा त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता.

“घालतात,” तो म्हणाला. “पाइप लावून ठेवतात तासभर. तीन वर्षं झाली म्हणे.”

वहिनी पायरीवर बसल्या.

“म्हणजे दोन्हीकडून दुप्पट पाणी. वर तुम्ही दोघंही पिवळी पानं बघून वाढवत गेलात. हे वाचवायचं असेल तर एकच उपाय आहे. दोन महिने थेंबभर पाणी द्यायचं नाही. खत नाही, माती नाही, काही नाही. मी खोड मोकळं करून देतो, वाळक्या फांद्या काढतो. बाकी नुसतं बघत राहायचं. दोन महिन्यांत जमीन वाळली तर वाचेल, नाही तर मीच सांगेन काढा म्हणून.”

“त्यांना सांगितलंत ना, बंद करा म्हणून?”

“सांगितलं. पटत नाही त्यांना. म्हणतात, पलीकडे तर कुणीच घालत नाही, मी थांबलो की मेलंच ते.” त्यानं पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला. “ते तुम्हीच सांगा. मी बाहेरचा माणूस.”

त्या दुपारी वहिनी आडव्या झाल्या नाहीत. रोज तीनला रेडिओ बंद करून त्या तासभर पडत. आज त्यांनी रेडिओ बंद केला आणि चपला न घालता अंगणात येऊन पत्र्याला कान लावला. पाचएक मिनिटं काही नाही. मग नळ फिरवल्याची कुरकुर, आणि मग मातीत मुरणाऱ्या पाण्याचा हलका आवाज. डॉक्टर सकाळीच सांगून गेला होता आणि हा गृहस्थ दुपारी पुन्हा पाणी सोडत होता. वहिनींचं डोकं तडकलं. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेल्या रागाला अखेर एक सरळसोट कारण मिळालं होतं, त्यामुळे पाय आपोआप उचलले गेले.

आपल्या फाटकापासून त्याच्या फाटकापर्यंत बावीस पावलं होती. ती त्यांना पाठ असण्याचं काही कारण नव्हतं, पण होती. कडी लागलेली नव्हती. घराच्या कडेनं त्या थेट मागे गेल्या.

तो पाठमोरा उभा होता. हातात पाइप होता आणि त्याच्या तोंडाला त्यानं फडकं गुंडाळलं होतं, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. मान वाकली होती. मागून पाहिलं तर अगदी थोरले उभे आहेत असं वाटावं, इतकी खांद्यांची ठेवण सारखी होती. 

“भावजी,” त्या म्हणाल्या.

तो वळला. पाइप हातातून सुटला आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडायला लागलं. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. पाइप उचलायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

“वहिनी, या,” तो म्हणाला. मग आजूबाजूला बघितलं. बसायला तिथे काहीच नव्हतं.

“ते पाणी आधी बंद करा.”

त्यानं नळ बंद केला. त्याच्या अंगणात एक खुर्ची, दोरीवर दोन सदरे, आणि कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा ढीग होता. धाकटी जाऊ वारली त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हा वहिनी येऊन मागे बसल्या होत्या आणि कुणाशी न बोलता परत गेल्या होत्या.

“मी घालते पाणी,” त्या म्हणाल्या. “रोज. हे गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं, पलीकडे कुणी घालत नाही म्हणून?”

“आवाज येत नव्हता.”

“कसला आवाज?”

“दादाच्या बादलीचा.” तो खाली बघत बोलत होता. “लोखंडी बादली होती ना त्याची. ठेवताना कडी आदळायची. रोज सकाळी साडेसहाला, चार वेळा. अकरा वर्षं ऐकली. तो गेला आणि आवाज थांबला. दोन-तीन आठवडे वाट बघितली. मग म्हटलं, आता कोण घालणार त्याला?”

वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

“ती बादली मला उचलवत नाही हो,” त्या म्हणाल्या. “भरली की हातच तुटतो. मी प्लास्टिकची घेतली.”

 पाइपच्या तोंडातून उरलेलं पाणी टपकत होतं.

“मग सरळ विचारायचंत,” वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. “एक हाक मारायची होती. हे गेले त्या दिवशी आलात, फाटकाशी उभे राहिलात आणि निघून गेलात. मी आतून बघत होते. मला वाटलं, आता येतील, मग येतील. एक शब्द नाही बोललात तुम्ही.”

“काय बोलणार होतो?”

“काहीही. ‘वहिनी’ म्हटलं असतंत तरी पुरलं असतं.”

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. “तोडा म्हणणारा मी,” तो म्हणाला. “मग पाणी घालायला कुठल्या तोंडानं येणार? म्हणून तुम्ही झोपल्यावर घालत होतो. तुमचा रेडिओ बंद झाला की कळायचं.”

वहिनींना एकदम रडू आलं आणि त्याचा रागही आला. त्या त्याच्या अर्ध्या आळ्याकडे वळल्या. ते वहिनींच्या आळ्यापेक्षा नीटनेटकं होतं. कडेला विटांचे तुकडे लावले होते, आत एक गवताची काडी नव्हती. ज्या माणसाला दोरीवरचे सदरे उलटे वाळत घातलेले कळत नव्हते, त्यानं हे केलं होतं.

“आता बंद करायचं. दोन महिने. दोघांनीही,” त्या म्हणाल्या.

“मी करीन. पण तुम्ही थांबाल? तीन वर्षांची सवय आहे तुमची. एखाद्या सकाळी हात जाईलच बादलीकडे.”

“तुमचा नाही जाणार?”

“जाईल.”

“मग विचारत जा मला. मीही विचारीन.”

“कधी?”

“सकाळी. साडेसहाला.”

एवढं ठरवून त्या परत आल्या. चहासाठी थांबा असं तो म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तर त्या थांबल्या असत्या की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला वहिनी मोकळ्या हातांनी अंगणात उभ्या राहिल्या. मोकळे हात कुठे ठेवायचे ते कळेना. पत्र्यापलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

“वहिनी, पाणी घातलं नाहीत ना?”

“नाही. तुम्ही?”

“नाही.”

झालं, संपलं. पावलं आत गेली. वहिनीही आत आल्या. अजून सात वाजायचे होते आणि अख्खा दिवस समोर होता.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण सहालाच उठून केस विंचरून बसतो. पत्र्याआड कुणाला केस दिसणार होते, देव जाणे. प्रश्न तोच, उत्तर तेच. कधीमधी त्याला शेपूट फुटे.

“शपथ?”

“शपथ कसली मागता? येऊन सळई खुपसा.”

किंवा,

“काल तीनला नळाची कुरकुर ऐकली मी.”

“हात धूत होतो, वहिनी. हात धुवायचे का नाहीत माणसानं?”

यापलीकडे गाडी गेली नाही. तो इकडे आला नाही, त्या तिकडे गेल्या नाहीत. संध्याकाळी दोन्ही घरांत एकेक दिवा लागे आणि आपापल्या वेळेला विझे. दुपारी पडल्या पडल्या वहिनींच्या मनात यायचं, हाक मारावी का? पण हाक मारून सांगायचं काय? सकाळच्या प्रश्नाला निदान काम होतं.

महिनाभरानं एका सकाळी प्रश्न आला नाही. साडेसहा वाजले, पावणेसात झाले. वहिनींनी पत्र्यावर टकटक केली.

“भावजी, घातलं नाहीत ना?”

बऱ्याच वेळानं आतून कुठूनतरी आवाज आला. “ताप आहे. नाही घातलं.”

त्यांनी वरणभातासारखं काहीतरी मऊ शिजवलं, डबा भरला, बावीस पावलं जाऊन त्याच्या दारात ठेवला, कडी वाजवली आणि तो दार उघडायच्या आत परत आल्या. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा त्यांच्या फाटकाला पिशवीत टांगलेला होता. त्याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मुलीला त्यांनी रविवारी एवढंच सांगितलं की झाडावर उपचार चालू आहेत.

तुतीची बरीच पानं गळली. वहिनी ती रोज झाडून काढत आणि मोजायची नाहीत असं ठरवूनही मोजत. एका आठवड्यात झाड इतकं केविलवाणं दिसायला लागलं, की त्या खरोखरच बादली भरून आळ्यापर्यंत गेल्या. तिथे पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि बादली मोरीत ओतून आल्या. सकाळी त्यांना काय उत्तर द्यावं लागलं असतं, ते आठवलं म्हणून.

दोन महिने झाल्यावर डॉक्टर आला. या वेळी सळई सहज जाईना, त्याला दोन्ही हातांनी दाबावी लागली. वास घेतला, टोक वहिनींपुढे धरलं. कोरड्या मातीचा वास होता. मग त्यानं मान वर करून पानं गळून उघड्या झालेल्या दुसऱ्या एका फांदीकडे बोट दाखवलं. तिथे नखाएवढे हिरवे कोंब फुटले होते. वहिनींना चष्मा लावल्यावर दिसले.

“वाचलं,” तो म्हणाला. “दोन्ही वाळक्या फांद्या गेल्या, त्या गेल्या. बाकी धरलंय त्यानं.”

“म्हणजे काढायचं नाही?”

“तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त जगेल. आणि आता पहारा उठवा दोघांनी.” तो हसला. “एखादी बादली पडली काय, न पडली काय, त्याला फरक पडत नाही. त्याचं ते बघेल. एवढं लक्ष ठेवायची काही गरज राहिलेली नाही. चला, शेजारी सांगून येतो.”

तो शेजारी गेला. पत्र्यापलीकडे या वेळी बराच वेळ बोलणं चाललं, मध्ये एकदा हसण्याचा आवाजही आला. निघताना त्यानं रस्त्यावरून ओरडून सांगितलं, “सांगितलं त्यांना सगळं!”

वहिनींनी मुलीला फोन लावला. झाड वाचल्याचं सांगितलं. मुलगी म्हणाली, “बरं झालं, आता तुझ्यामागची एक कटकट गेली.” वहिनी “हो ना,” म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाट आवरायला काढलं, मग ते अर्धवट सोडून तांदूळ निवडले, मग ते निवडलेलेच आहेत हे लक्षात आलं. झाड वाचावं म्हणून त्यांनी दोन महिने मनापासून प्रार्थना केली होती. आता ते वाचलं होतं, आणि त्यांना इतकं एकटं वाटत होतं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तीनला रेडिओ बंद करून त्या पडल्या. डोळा लागला नाही.

सकाळी जाग सहालाच आली. केस विंचरायचे नाहीत असं ठरवून त्या बिछान्यातच बसून राहिल्या. पण साडेसहाला पाच मिनिटं असताना पाय खाली आले. अंगणात जायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी झाडू हातात घेतला. पानं दहा-बारा पडली असतील. ती त्यांनी एकदा झाडली, आणि तोच भाग पुन्हा झाडला.

पत्र्यापलीकडे दार उघडलं. पावलं आली आणि थांबली. वहिनींचा झाडूही थांबला.

 मग खाकरण्याचा आवाज आला.

“वहिनी,” भावजी म्हणाले, “पाणी घातलं नाहीत ना?”

त्यांनी झाडू खोडाला टेकवून ठेवला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही?”